आक्काची सही

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी जे बोलायचं राहिलं ते छापताना घातलं आहे. बाकी बोललो तसंच.)

अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीसाहेब, महिला मंडळाच्या सगळ्या ताई-वहिनी, आणि पार्किंगमधलं क्रिकेट थांबवून नाइलाजानं इथं येऊन बसलेल्या लेकरांनो,

कमिटीनं मला विषय दिला होता 'आपल्या संस्थेची पंचवीस वर्षं'. २००० साली नोंदणी कशी झाली, बोअरला पाणी का लागलं नाही, टँकरचे पैसे कुणी भरले आणि कुणी अजून भरलेले नाहीत, हे सगळं मी फुलस्केपवर लिहूनही काढलं होतं. नावानिशी. ते कागद सेक्रेटरींकडं दिलेत. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

मी बोलणार आहे ते दुसऱ्याच गोष्टीवर. मागच्या रविवारी महिला मंडळानं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. पाटा-वरवंटा, उखळ, समया, आजीच्या हातच्या वाकळा. त्यात कोपऱ्यात एक जातं होतं. त्याला खुंटा नव्हता, आणि वरच्या तळीवर मनी प्लँटची कुंडी ठेवलेली होती. सी विंगमधला एक पोरगा मला म्हणाला, "आजोबा, हे डीजेवाल्याचं आहे का?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, पोरगं फार चुकलं नाही. त्यातून गाणी निघायचीच की.

ते जातं आमचंच आहे. माझ्या मायचं. आज त्याची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीत मी काही बरा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्या बहिणीबद्दल बोलणार आहे तिला विचारूनच उभा राहिलोय. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी काही चुकीचं सांगितलं तर ती तिथूनच टोकेल, तिला माइक लागत नाही.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. जमीन कोरडवाहू, माळाची. घरात आम्ही नऊ माणसं. नऊ माणसांच्या भाकरीला रोज किती पीठ लागतं याचा हिशोब इथल्या वहिनी माझ्यापेक्षा चांगला करतील. ते सगळं पीठ पहाटे हातानं दळायचं. तीन-साडेतीनला माय उठायची. जात्याला दोघी लागतात, समोरासमोर बसून एकच खुंटा धरायचा. आधी माय आणि आजी बसायच्या. आजी थकली तशी आजीच्या जागी आक्का बसली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. मी तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. पुढची कितीतरी वर्षं मी त्या आवाजातच झोपलो आणि त्याच आवाजानं जागा झालो. बायका दळत असताना गातात एवढंच मला कळायचं. काय गातात, तिकडं माझं लक्ष नव्हतं. घरातल्या कुठल्याच बाप्याचं नव्हतं.

ओवी म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते. आपण अंबाजोगाईकर तर मुकुंदराजांच्या गावचे, त्यांच्या विवेकसिंधूवर शके १११० ची नोंद आहे आणि तोही ओवीतच आहे. पण त्याच्याही आधी, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ केला. त्यात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. म्हणजे पंडितांनी ग्रंथ लिहायला घेतले त्याच्या आधीपासून बायका हे करत होत्या. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई तर सगळ्यांना माहीत आहे. पांडुरंग तिच्याबरोबर दळायला बसायचा म्हणतात. मला ही कथा फार खरी वाटते, कारण समोर कुणी बसल्याशिवाय दळण पुढं सरकत नाही.

ओव्यांना एक क्रम असायचा. सुरुवातीच्या देवाच्या, मग तुळस, मायबाप, भाऊ, लेकरं, पंढरी, पाऊस. मधेच घरातलं. सासूनं काय बोललं, धन्यानं काय केलं, जाऊ कशी वागली. सुनेला दिवसभर जे तोंडातून काढता येत नव्हतं ते पहाटे जात्याला सांगता यायचं. पलीकडच्या खोलीत सासू जागी असायची, तिला सगळं ऐकू जायचं, पण तिला उत्तर देता यायचं नाही. सून तिच्याशी बोलतच नव्हती ना, जात्याशी बोलत होती! आजच्या भाषेत सांगायचं तर ही घरातली तक्रारपेटी होती.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याच्या सात पिढ्या लिहिलेल्या आहेत. मी जाऊन बघून आलोय. सगळे बापे. अमुकचा मुलगा तमुक, तमुकचा मुलगा अमुक. बाई कुठं नाही, जणू ह्या सात पिढ्या एकमेकांच्या पोटी आपोआप जन्मल्या. मायच्या ओव्यांमध्ये मात्र दुसरी वही होती. तिची माय, मायची माय, कुणाचं माहेर केजकडं, कुणाचं गेवराईकडं गोदाकाठी, कोण बाळंतपणात गेली, कुणाला लेक नव्हती, कुणाचा भाऊ न्यायला आला आणि कुणाचा आला नाही. गावांची नावं, वाटेतल्या नद्या, सगळं. ती वही कागदावर नव्हती. मायच्या तोंडात होती आणि तिच्या समोर बसणाऱ्या आक्काच्या कानात.

आक्काचं लग्न माजलगावकडं झालं. दाजींची जमीन थोडी, भाऊबंद फार. माजलगावचं धरण झालं तेव्हा सिंदफणेच्या काठची काही माणसं उठली, काहींच्या जमिनी गेल्या, पण तो विषय मोठा आहे, त्यात शिरत नाही. एवढं सांगतो की आक्का आणि दाजी ऊसतोडीला जायला लागले. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि गाडीत बसून पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यावर जायचं. ते थेट उन्हाळ्यातच परत. नवरा-बायको मिळून एक कोयता. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मी तोपर्यंत बी.ए. होऊन बँकेत लागलो होतो, धाकटा शेती बघत होता.

१९९१ साली आमचे वडील वारले. वारसाचा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर मायचं, आम्हा दोघा भावांचं आणि आक्काचं अशी नावं लागली. तेव्हाच्या कायद्यानंही वडिलांच्या हिश्श्यात लेकीचा वाटा होता, ही माहिती नसलेली माणसं आजही भेटतात. दुसऱ्या वर्षी धाकट्याला विहिरीसाठी कर्ज हवं होतं. कर्जाला जमीन तारण, आणि तारणाला सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांच्या सह्या. आक्का तर सहा महिने फडावर. धाकटा म्हणाला, "दरवेळी तिला कुठं शोधत बसायचं? हक्कसोड करून घे."

कागद मी तयार केला. बँकेत असल्यामुळं असल्या कागदांना मी सरावलेलो होतो. आक्काला निरोप पाठवला. ती एसटीनं आली, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसली. मला म्हणाली, "बापू, हे कशाचं?" मी म्हणालो, "काही नाही, बँकेला लागतंय. फक्त एक सही." ती दुसरी शिकलेली, सही करता यायची. ओठ दाबून, एकेक अक्षर जोडत तिनं सही केली. मी तिला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं.

मी खोटं बोललो नव्हतो. बँकेला ते खरंच लागत होतं. पण त्या सहीनं काय सुटतं ते मी सांगितलं नव्हतं. नोकरीत मी शेकडो माणसांना वाचून दाखवूनच सह्या घेतल्या. माझ्या बहिणीला वाचून दाखवलं नाही.

१९९५ च्या दसऱ्याच्या आधी आक्का घरी आली. दाजींच्या पायाला दुखापत झालेली, त्या हंगामाला जाणं शक्य नव्हतं, आणि आधीची उचल फिटलेली नव्हती. तिला सात हजार रुपये पाहिजे होते. मागत नव्हती, उसने मागत होती. बोलता बोलता म्हणाली, "माझाही काही वाटा असंलच की." धाकटा म्हणाला, "तुझं काय इथं? तू तर सही करून दिलीस." आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. माझ्या पगारातून मला सात हजार देणं अवघड नव्हतं. पण धाकट्यासमोर मला ते देता आलं नाही. का, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

ती त्याच दिवशी गेली. पोराला बरोबर घेऊन हंगामाला गेली, असं नंतर कळलं. त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही. पुढच्या नागपंचमीला आली नाही. मग यायचीच नाही. आम्हीही गेलो नाही. असली भांडणं कुणी मिटवत नाही, कारण भांडण झालं असं कुणी म्हणतच नाही.

तोवर गावात पिठाची गिरणी येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ओवी कशी म्हणणार? घरोघरची जाती भिंतीला टेकवून उभी राहिली. आमच्या मायनं मात्र आपलं जातं सोडलं नाही. ज्वारी गिरणीत, पण डाळ भरडायला आणि हळद दळायला जातंच. म्हणायची, गिरणीत डाळ जळते. मला आता वाटतं, डाळ हे निमित्त होतं. समोर बसणारं कुणी नव्हतं, तरी ती एकटीच बसायची आणि म्हणायची. मी सुट्टीला गेलो की कानावर पडायचं: माजलगावची वाट, लेकीचं नाव, भावाला सांगणं की वाट मोडू नको. आम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसून चहा प्यायचो. मघाशी मी सासूबद्दल बोललो ना, सगळं ऐकू जातं पण उत्तर देता येत नाही, तसे आम्ही होतो.

२००३ साली माझी लेक पुण्याला समाजकार्य शिकत होती. तिथं तिला कळलं की हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ ही दोघं जात्यावरच्या ओव्या गोळा करतायत. पॉयट्व्हँ मूळचे फ्रान्सचे, इथं आले आणि इथलेच झाले, भारताचं नागरिकत्व घेतलं. त्या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. पुढं बर्नार बेल हेही त्यात आले आणि ध्वनिमुद्रण झालं. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून हा ठेवा 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं लोकांपुढं आणला, तुमच्या मोबाइलवर आत्ता ऐकता येतो. लेकरांनो, घरी गेल्यावर ऐका. माझा गळा स्टँपपॅडसारखा कोरडा आहे, म्हणून मी इथं एकही म्हणून दाखवत नाही.

तर लेक दिवाळीला टेपरेकॉर्डर घेऊन गावी आली. माय म्हणाली, "ह्या डब्यात मी कशी मावणार गं?" पण बसली. दोन कॅसेट भरल्या. मधेमधे थांबायची, पुढचं आठवायचं नाही, म्हणायची, "हे समोरून यायचं असतंय." लेकीला वाटलं म्हातारपण. ती समोरची माणूस शोधत होती हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

२००९ च्या हिवाळ्यात माय गेली. आक्का मातीला आली, रडली, आणि आमच्या घरचं पाणीही न पिता गेली.

पुढच्या वर्षी नागपंचमीच्या आधी आमच्या घरची मंडळी आणि लेक, दोघी मला न सांगता माजलगावकडं गेल्या. मला सांगितलं, परळीला वैजनाथाला चाललो. मी बँकेचा माणूस, पण एसटीची तिकिटं तपासली नाहीत. पुढचं सगळं मला लेकीनं सांगितलेलं आहे.

आक्का दारातच उभी राहिली. "वैनी, कशाला आलात?" आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. लेकीनं ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि कॅसेट लावली. मायचा आवाज आला. आक्का मटकन खाली बसली. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोललं नाही. आणि मग माय जिथं अडखळून थांबली होती तिथं कॅसेटमध्ये नुसतीच खरखर चालू असताना आक्कानं पुढचं म्हटलं. मायला न आठवलेलं. मग दुसरं, मग तिसरं. एका ठिकाणी तर म्हणाली, "माय चुकली बघ हितं, ते नाव मोठ्या मायचं नाही, तिच्या सासूचं हाय."

लेकीच्या लक्षात आलं की दोन कॅसेट म्हणजे अर्धीच वही. उरलेली अर्धी ह्या बाईकडं आहे. घराण्याचं जे काही जपलेलं होतं ते जिच्याकडं होतं, तिच्याचकडून आम्ही हक्कसोड लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी आक्कानं मामाच्या ओव्या म्हटल्या. आम्हा पोरांना एवढंच माहीत होतं की मामा तापट आहे आणि कधी येत नाही. खरी गोष्ट ओव्यांमध्ये होती. आजी गेल्यावर तिची पुतळ्यांची माळ मायनं आठवण म्हणून मागितली, ती मामीच्या गळ्यात होती, त्यावरून बोलाचाली झाली आणि मायचं माहेर तुटलं. बारा वर्षं. मग बहात्तरचा दुष्काळ आला. माय रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आम्ही खाल्ल्या. त्या उन्हाळ्यात एक दिवस मामा बैलगाडी घेऊन आला, गाडीत एक पोतं ज्वारी. गोदाकाठी त्यांच्या विहिरीला थोडं पाणी होतं. ते पोतं मी स्वतः पाठीवर घेऊन घरात आणलं, एकवीस वर्षांचा होतो. मामा माळेबद्दल बोलला नाही, मायही बोलली नाही. मामानं विचारलं, "जातं चालतंय का?" माय म्हणाली, "चालतंय." एवढंच. मी तिथं हजर होतो आणि मला वाटलं, मामा ज्वारी द्यायला आला. माझ्या डोळ्यांदेखत काय मिटलं ते मला अडतीस वर्षांनी, बहिणीच्या ओव्यांमधून कळलं. त्या सगळ्यात मामीची एक ओवी आहे. पोतं भरून गाडी जुंपायला लावली ती मामीनं.

आता इथं मला थोडं आडवं बोलायचं आहे. ओव्यांमध्ये भावजय नेहमी वाईट. भाऊ सोन्याचा आणि भावजय कडू. मला हे पटत नाही. गाणारी प्रत्येक नणंद आपल्या घरी कुणाची तरी भावजय असतेच की. खरं म्हणजे भावाला दोष देता येत नव्हता, उद्या दारात उभं करायचं तर तोच करणार, म्हणून सगळं भावजयीवर लोटायचं. आमच्या घरात तरी तोडलं दोघा भावांनी, आणि जोडलं भावजयींनी.

सौ. आणि लेक परत आल्यावर मला सगळं कळलं. पुढच्या आठवड्यात मी गेलो. आक्कानं पाणी दिलं. मी म्हणालो, "आक्का, त्या दिवशी कागद वाचून दाखवायला पाहिजे होता." ती म्हणाली, "मला वाचता येतंय बापू. हळू येतंय, पण येतंय. मी वाचला होता. तू सांगतोस का, एवढंच बघत होते."

इथं थोडं थांबतो.

मी तिला माझ्या वाट्यातली जमीन देतो म्हणालो. ती नको म्हणाली. पाच-सहा वर्षं नकोच म्हणत होती. शेवटी म्हणाली, "जमिनीचं मी काय करू ह्या वयात? पण सातबाऱ्यावर नाव लाव. मायच्या खाली माझं नाव होतं, ते तू काढलंस." २०१६ साली मी माझ्यातल्या दीड एकराचं बक्षीसपत्र तिला करून दिलं. बायको-लेकरांना देताना मुद्रांक शुल्काची जी सवलत मिळते ती बहिणीला देताना मिळत नाही, हेही त्या निमित्तानं कळलं. ह्या वेळी सगळा कागद मोठ्यानं वाचला. कचेरीतला कारकून कंटाळला. आक्का म्हणाली, "पुन्हा वाच."

धाकट्यानं ह्यात भाग घेतला नाही. माझ्याशीही दोन वर्षं बोलला नाही. २०१८ मध्ये त्याच्या लेकीचं लग्न निघालं. हळद जात्यावर दळायची असते, आणि हळदीच्या ओव्या म्हणायला घरात कुणालाच येत नव्हत्या. मोबाइलवर लावू म्हणाले काहीजण. धाकट्याच्या बायकोनं ऐकलं नाही. तिनं स्वतः आक्काला फोन केला, "आक्का, तुमच्याशिवाय हळद दळायची नाही." आक्का आली. धाकटा काही बोलला नाही, माफीबिफी तर सोडाच. फक्त आतून पाट आणून जात्यापाशी ठेवला आणि आपल्या खांद्यावरच्या पंच्यानं पुसला. आजही त्याला विचारलं तर तो म्हणेल, मी काय वावगं केलं होतं? त्याचं त्याला. पण दर भाऊबीजेला माजलगावला जातो, आणि जाताना न चुकता ज्वारी घेऊन जातो. मामाची गोष्ट त्याला कुणी सांगितली हे मला माहीत नाही.

बँकवाला आहे म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगतो, मग उतरतो. आपल्या राज्यात १९९४ साली लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणं हक्क दिला गेला, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरात लग्न झालेली-न झालेली हा फरकच काढला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं आहे, बाप २००५ ला जिवंत होता की नव्हता यावर तो अवलंबून नाही. तरीही आपल्या तालुक्यात दर आठवड्याला कुणीतरी बहिणीला एसटीत बसवून सहीला आणतोच. तिनं स्वखुशीनं सोडलं तर तो तिचा अधिकार आहे. पण तिला वाचून दाखवा. घरी, चार माणसांत, घाई न करता. दुसरं, आपल्या सोसायटीतलं. नॉमिनेशनचा फॉर्म भरला म्हणजे फ्लॅट त्याच्या मालकीचा झाला असं नसतं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, वारसांचा वाटा तसाच राहतो. ह्यावरून उद्या भाऊ-बहिणी कोर्टात जाणार असतील तर आजच मृत्युपत्र करा. पहिल्या वर्षी आपल्या शेअर सर्टिफिकेटांवर बायकांची नावं शोधावी लागत होती. २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळायला लागली आणि आपली ई विंग बघा, बहुतेक वहिनी मालकीण आहेत. एक टक्क्यासाठी का होईना. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदावर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव येतं. त्र्यंबकेश्वरच्या वहीत ते कधी येतंय बघू.

माझी नात सध्या आक्काकडून ओव्या लिहून घेतीय. तीनशेच्या वर झाल्यात. कॅसेट जुन्या झाल्या होत्या, त्या मोबाइलवर उतरवून घेतल्या. नात इंग्रजी शाळेतली, तिला 'वैरण' म्हणजे जात्यात घालायचा घास हे माहीत नव्हतं, तिला वाटलं जातं कडबा खातं. आक्का तिला ओरडते, नात आक्काला ओरडते की इतक्या भराभर म्हणू नको.

सोमवारी आम्ही ते जातं प्रदर्शनातून परत घेतलं. मनी प्लँट महिला मंडळाच्या अध्यक्षांकडं सुरक्षित आहे. टाकी लावणारा माणूस आता सहज मिळत नाही, केजजवळ एकजण सापडला, त्यानं दोन्ही तळ्यांना टाकी लावून दिली. खुंटा बाभळीचा, सुतारानं काल ठोकला. ते बघा, स्टेजखाली पोत्यावर मांडलंय. शेरभर ज्वारी आणली आहे. आक्का एका बाजूला बसेल. दुसऱ्या बाजूला बसायला कुणीतरी पाहिजे, नातीचा आज पेपर आहे. कोण येतंय?